दळण खाऊन झाल्यावर आलेलं बिल

ॲड. दौलतराव इंगोले यांच्या वाशिमच्या कार्यालयात मी उमेदवारीसाठी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझी पदवी पाहिलीच नाही. विजेचं एक बिल पुढे सरकवलं आणि ‘इंधन समायोजन आकार’ म्हणजे काय ते विचारलं. मला सांगता येईना. "दर महिन्याले भरता अन् कायचे भरता हे मालूम नाही? बसा," साहेब म्हणाले. तो मी अजून तिथेच बसलेला आहे.

कोळसा किंवा विकत घेतलेली वीज महागली, की वीज कंपनी तो वाढीव खर्च मागाहून ग्राहकांच्या बिलात टाकते. हे नियमानेच चालतं. साहेबांनी उभी वकिली बिलातल्या या एका ओळीशी भांडण्यात घालवली. फी म्हणाल तर बहुधा चहा.

रिठदच्या शांताबाईंचं घर नवऱ्यामागे पिठाच्या चक्कीवर चालायचं. एका उन्हाळ्यात हा आकार फार वाढला आणि त्या बिल घेऊन आल्या. "वकीलसाहेब, तवाचं दळन त लोकायनं खाऊनबी टाकलं. आता म्या कोनाच्या दारी मांगाले जाऊ?"

वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत साहेबांनी हाच प्रश्न जसाच्या तसा विचारला. सभागृहात हशा पिकला. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. बाईंनी दळणाचा दर वाढवावा, असं कंपनीकडून उत्तर मिळालं. तो त्यांनी आधीच वाढवला होता, आणि गिऱ्हाइकं रिसोडला जाऊ लागली होती. निकाल विरोधात गेला.

हरल्याचा निरोप साहेब कधी फोनवर देत नाहीत, ज्युनिअरच्या हातीही पाठवत नाहीत. स्वतः दारात जातात. आम्ही रिठदला पोहोचलो, तेव्हा बिल थकल्यामुळे मीटर काढून नेलेलं होतं.

"हरलो, बाई."

"बसा, च्या घ्या. पुढच्या वक्ताले इचारसान ना?"

"इचारीन."

तेव्हापासून दर सुनावणीला ते हाच प्रश्न विचारतात. पालथ्या घड्यावर पाणी, असं आम्ही ज्युनिअर मागे बोलतो, तरी त्यांची बॅग उचलून निघतोच. शांताबाई आता लोकांच्या शेतात निंदायला जातात. बंद चक्कीच्या दगडांना मात्र दरवर्षी टाकी लावून ते खरबरीत करून घेतात. साहेब जिंकले, की लगेच दळता यावं म्हणून.

पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. ती चक्की आता फिरणार नाही, हे शांताबाईंना कुणीतरी सांगायचं आहे, आणि ते माझ्या तोंडून निघणार नाही.