शिट्टी मारली की येणारा घोडा

आठवडाभर कंपनीच्या डेडलाइन पाळून वैतागलेला मी रविवारी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये काउबॉयचा गेम लावायचो आणि घोडा सुसाट सोडायचो. शिट्टीचं बटण दाबलं तरी घोडा जवळ यायचा नाही. बाबा मागे पेपर वाचत बसायचे. रिक्षा घेण्याआधी त्यांनी शनिवार पेठेत टांगा चालवला होता.

एकदा मी घाईत घोडा दरीत घातला.

"दमला होता तो. उतरायचं असतं," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, गेम आहे हा!"

"मग कळ काढायला काय झालं?"

"घ्या, तुम्हीच खेळा," म्हणत मी कंट्रोलर त्यांच्या हातात कोंबला, बटणं कशीबशी दाखवली आणि तरातरा आत गेलो. तासाभराने पाहिलं, तर पडद्यावर बाबांचा काउबॉय लगाम धरून पायी चालला होता. मध्येच थांबून घोड्याची मान थोपटत होता. बंदुकीला त्यांनी हातही लावला नव्हता.

"आता मार शिट्टी," कंट्रोलर परत देत ते म्हणाले.

मी बटण दाबलं. टेकडीमागून टापा ऐकू आल्या. बाबांनी पेपर उघडला.