चिठ्ठ्या मानकर सरांनी लिहिल्या नव्हत्या

प्रा. दिनकर मानकर सरांची आणि माझी ओळख एका मेलेल्या बेडकामुळे झाली. गौरवग्रंथाला हे शोभतं की नाही, ठाऊक नाही. शोभेलसं काही सुचण्याइतकी उमेद माझ्यात उरलेली नाही. परळच्या आमच्या कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या तासाला, मी बेडकाच्या मांडीचे स्नायू सुटे करत होते, म्हणजे ओरबाडत होते. मागून आवाज आला, "सावकाश. त्याला आता दुखत नाही, पण आपल्या हाताला सवय लागते." वळून पाहिलं तर सर उभे. पुढे त्याच विभागात मी तीस वर्षं नोकरी केली, पण त्यांच्यासमोर विद्यार्थिनीच राहिले.

सरांचं सारं आयुष्य सह्याद्रीतल्या ओढ्यांत राहणाऱ्या एका बेडकामागे गेलं. मी काळाचौकीच्या चाळीतली. आई म्हणायची, "बेडूक बघूक कॉलेजात कित्याक जाऊक होया? मोरीत रोज येतत!" पण हा बेडूक मोरीतला नव्हे. अंगठ्याएवढा, कातडीवर सुरकुत्याच सुरकुत्या, डोळ्याची बाहुली शंकरपाळ्यासारखी चौकोनी. बोटांच्या टोकाला चपट्या चकत्या, म्हणून ओल्या खडकावर उभा चढतो. नराच्या मांडीला आतून ग्रंथी. मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हे, पाण्यावर ओणवलेल्या पानावर. पिल्लू तयार झालं की टपकन खाली ओढ्यात. तोवर नर जवळ बसून राहतो, राखण करतो. "बसतो म्हणजे बसतोच. आपल्या प्राचार्यांसारखा उठून मीटिंगला जात नाही," सर म्हणायचे.

सरही तसेच बसायचे. एकदा अंड्यांचा एक पुंजका पाहत ते सकाळपासून गुडघाभर पाण्यात उभे होते. दुपारची एसटी गेली. मी वैतागून म्हटलं, "सर, पुढची गाडी साडेपाचला आहे." ते म्हणाले, "छान. म्हणजे अजून वेळ आहे." आणि स्वतःच्या डब्यातल्या दोन्ही घावनं माझ्या हातात ठेवली. गिरगावात सरांच्या घरी काकूंना हे कळल्यावर त्या मला म्हणाल्या, "ह्यांना भूक लागत नाही गं, ह्यांना बेडूक लागतो." त्यानंतर प्रत्येक फेरीला काकूंनी माझा वेगळा डबा दिला.

इथवर लिहून मी थांबले होते. मग ग्रंथाच्या संपादकांचा फोन आला. तेही सरांचेच विद्यार्थी. "मॅडम, ते बॉलपेनचं येऊ दे हं! त्याशिवाय मजा नाही."

ज्यांना ते बॉलपेनचं माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नमुना स्पिरिटच्या बाटलीत ठेवला की तो कुठला हे सांगणारी चिठ्ठीही आतच टाकतात, कारण बाहेरची निघून पडते. ती शिसपेन्सिलनेच लिहायची. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. हे सर पहिल्या दिवशी शिकवत. आणि आमच्या वर्तुळात गेली कितीतरी वर्षं, प्रत्येक निरोप समारंभात, हसत हसत सांगितलं जातं की एवढ्या काटेकोर सरांनी एकदा स्वतःच बॉलपेनने चिठ्ठ्या लिहिल्या, आणि सगळ्या कोऱ्या झाल्या. सरही हसतात.

त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या.

एका डोंगरावर दोन ओढे होते. वरच्या ओढ्यातला बेडूक खालच्यापेक्षा निराळा आहे, त्याला अजून शास्त्रात नावच नाही, असं सरांचं मत झालं होतं. मांडीची ग्रंथी वेगळी, पायाच्या बोटांमधला पडदा वेगळा. सिद्ध करायला दोन्हीकडचे नमुने आणले. चिठ्ठ्या लिहिणं माझ्याकडे. पेन्सिलीचं टोक मोडलं, ब्लेड सापडेना, मी दमले होते, खिशात बॉलपेन होतं. काय होतंय, म्हटलं. महिन्याभराने कपाट उघडलं तर सगळं स्पिरिट निळसर आणि कागद पांढरेफटक. वहीत नोंदी होत्या, पण कोणती नोंद कोणत्या बाटलीची, ते चिठ्ठीवरच होतं. मी रडत म्हटलं, "सर, बघून अंदाजाने वेगळे करू या ना." ते म्हणाले, "जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरायचं? नको. पावसाळ्यात परत जाऊ."

पावसाळ्यात गेलो. वरच्या ओढ्याचं पाणी कोण्या रिसॉर्टवाल्याने पाइपात घातलं होतं. खडक कोरडे. आम्ही पुढची तीन वर्षं आसपासचे सगळे ओढे धुंडाळले. तो बेडूक पुन्हा दिसला नाही. त्याला नाव मिळालं नाही, आणि आता मिळणारही नाही.

नमुने वाया कसे गेले, याची विभागाच्या बैठकीत विचारणा झाली. माझी नोकरी कायम व्हायची त्याच महिन्यात. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "चिठ्ठ्या माझ्या." मी गप्प बसले. त्या दिवशी बसले, ती बसलेच. माझी नोकरी कायम झाली, घर चाललं, आई दोन घास सुखाने जेवली. दर समारंभात सरांच्या त्या चुकीवर टाळ्या पडल्या, त्यांत माझ्याही होत्या. मला लाज वाटते. या लाजेनेच मला म्हातारं केलं, वयाने नव्हे.

तेव्हा संपादकमहाशय, मजा येणार नाही. छापायचं तर असंच छापा, नाहीतर माझं पान कोरं सोडा. आणि स्नेहीजनहो, कृपा करून आता त्या गोष्टीवर हसू नका.

सर, तुम्हाला आधी न विचारता हे लिहिलं. विचारलं असतं तर तुम्ही "कशाला गं" म्हणाला असतात आणि मी पुन्हा गप्प बसले असते. तुमची प्रकृती चांगली राहो, काकूंचा हात तुमच्या हातात राहो, हे तर सगळेच म्हणतील. माझं मागणं थोडं स्वार्थी आहे. इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. मी समोर येऊन बसेन. रागवा, सर. घाई नाही, चांगली पंचवीस वर्षं घ्या.