हॉल्ट कुणाचा

आमच्या गावाला स्टेशन नाही, हॉल्ट आहे. एक बाकडं, एक पत्र्याची खोली आणि तिच्या खिडकीत मी. रूळ सरकारचे, गाडी सरकारची, फक्त तिकिटं विकायचा ठेका माझा. बेळगावला पैसे भरून तिकिटं आणायची आणि कमिशनवर विकायची. गँगमन म्हणून रुळांवर जन्म काढलेल्या माझ्या वडिलांना, आप्पांना, हे अजिबात पटलं नव्हतं. रेल्वे म्हणजे सरकार, आणि मी त्यात घुसलेली प्रायव्हेट. जेवताना रोज जुंपायची. सरकारनं इथं माणूस ठेवला असता तर मी कशाला बसले असते, असं मी विचारलं की ते भाकरी जरा जोरातच मोडायचे.

मग बायकांना बस फुकट झाली. खोटं कशाला बोलू, मलाही आनंदच झाला. पण भाजीच्या बुट्ट्या घेऊन बेळगावच्या बाजाराला जाणाऱ्या बायका एकेक करत बसकडे वळल्या आणि माझी खिडकी ओस पडली. वरून निरोप आला, विक्री अशीच राहिली तर हॉल्ट बंद. माझं पोट मी कुठंही भरलं असतं, पण एकदा गेलेला थांबा परत कोण देतं?

मला राग आवरेना. एका सकाळी मी थेट बसस्टॉपवर गेले. बस खच्चून भरलेली आली आणि न थांबता पुढं गेली. बायका बुट्ट्यांसकट तशाच उभ्या. ही वेळ बरी म्हणून मी तोंड सोडलं. बस आहे म्हणून गाडीला विसरलात, उद्या गाडीही नसली तर काय कराल, असं बरंच बोलले. शेजारच्या आक्कांनी मला मध्येच तोडलं.

"तुझं कमिशन बुडालं म्हणून आलीस व्हय गं?"

"व्हय. माझं कमिशन बुडतंय," मी म्हणाले. "पर गाडी थांबायची बंद झाली की तुमचा बाजार बुडंल."

आक्कांनी बुट्टी डोक्यावर घेतली आणि हॉल्टकडे चालू लागल्या. मागोमाग बाकीच्या निघाल्या. तेव्हापासून ठरूनच गेलं, मोकळ्या हातानं जायचं तर बस, ओझं असलं की गाडी.

पुढं तपासणीला साहेब आले तेव्हा रांग बाकड्याच्याही पलीकडं गेली होती. आक्कांनी त्यांना कन्नडमध्ये सुनावलं, की पैसे आम्ही भरतो, तेव्हा हॉल्ट आमचा. काही दिवसांत कळलं, हॉल्ट राहणार. मी गावभर कुंदा वाटला.

दुसऱ्या सकाळी मान वर केली तर खिडकीसमोर आप्पा. त्यांना रेल्वेचा पास आहे, तिकीट काढायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मी त्यांना पासाची आठवण करून दिली.

"पास कोण मोजत न्हाय," ते म्हणाले. "तिकीट मोजत्यात. दे."

मी तिकीट दिलं. बापाकडून पैसे घेताना एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.