मरीन ड्राइव्हवर भावाला शोधताना

थोरला भाऊ घर सोडून गेला तेव्हा मी शाळेत होते. पुसेगावजवळ आमची कोरडवाहू जमीन आणि मेंढ्या. मेंढ्यांमागं जाणार नाही म्हणाला, म्हणून वडलांनी चारचौघांत त्याच्यावर हात उचलला. त्याच दुपारी तो गेला. पुढं वडील वारले, पण त्याला कळवायचं कुठं?

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी मोबाइलवर रील बघत होती. मुंबईला मरीन ड्राइव्हवर दोघी नाचतायत, मागून एक माणूस मान डावीकडं कलवून चालत जातो. शेजारी बसलेल्या माझ्या आईनं मोबाइल ओढून घेतला.

"पुन्यांदा लाव. माझं लेकरू हाय हे."

चेहरा नीट दिसत नव्हता, पण भाऊही तसाच मान कलवून चालायचा. आई जेवेना, झोपेना. शेवटी मी रजा टाकली आणि तिला घेऊन मुंबईला नणंदेकडं गेले.

रोज दुपारी आम्ही त्या कठड्यावर जाऊन बसायचो. आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तरी पाठ त्याच्याकडं करून ती माणसं बघायची. चणेवाल्याला विचारलं, पोलिसाला रील दाखवली. "मावशी, इथं किती येतात नि जातात," तो म्हणाला.

आणि एके दिवशी तो खरंच आला. तशीच मान, तशीच चाल. मी उठेपर्यंत आई धावली होती. तिनं त्याचा दंड धरला आणि तो वळला.

"क्या हुआ, अम्मा?"

तो भाऊ नव्हता. अंगात वॉचमनचा शर्ट, मानेवर जुन्या जखमेचा वण. मी मोबाइल पुढं केला. "अरे, ये तो मैं ही हूँ!" तो हसला, मग आईच्या तोंडाकडं बघत राहिला.

"काय म्हन्तो?" आईनं विचारलं.

"त्या रीलमधला हाच आहे, आई."

तिनं त्याचा हात सोडला नाही. "इचार त्याला, मायकडं जातो का?"

मी हिंदीत विचारलं. बऱ्याच दिवसांत गेलो नाही, म्हणाला.

"जाय म्हनावं. काहून न्हाई जात? जाय म्हनावं, बाबा."

त्यानं मान खाली घातली, वाकून तिच्या पाया पडला आणि ड्युटीवर निघून गेला. परतीच्या रेल्वेत आई खिडकीला डोकं टेकून होती. रडली नाही.

इतकी वर्षं भाऊ वारला असेल असं तिच्यासमोर कुणी बोललेलं तिला चालत नसे. यंदा पितृपक्षात तीच म्हणाली, "वडलासंगं त्याच्याबी नावाचं पान काढ." मी काढलं. पत्र्यावर ठेवलं, तर कावळा लगेच भावाच्याच पानावर उतरला आणि घास घेऊन गेला.

"इतक्या लवकर आला?" आई म्हणाली, आणि दारातच मटकन खाली बसली.