आक्कांच्या छातीतलं आभाळ

सकाळी दारात येणारा प्रत्येक जण विचारी, "आक्का, आज छाती कशी हाय?" आणि उत्तर ऐकलं की आपल्या रानाकडे बघे.

निपाणीजवळ, तवंदीच्या घाटाखाली आमचं गाव. आक्का माझ्या थोरल्या नणंद. जन्माच्या दमेकरी. त्यापायी नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, तो परत फिरकला नाही. शेतात राबणं जमणार नाही म्हणून वडिलांनी त्यांना चौथीपर्यंत शिकवलं होतं. बाकी सगळं घर अंगठेबहाद्दर, आणि लग्न होऊन आले तेव्हा मीही. आक्कांनी आपल्या शाळेतल्या पाटीवर मला गिरवायला बसवलं. माझा पहिला 'क' बघून म्हणाल्या, "ह्यो क न्हवं गं, गाभण म्हस हाय!"

तंबाखू घरात आली की तिच्या तिखट धुळीने, खकाण्याने, त्यांचा जीव कासावीस होई. मग घरामागे परड्यातल्या करंजाखाली त्यांचं बाजलं पडे. मुंग्यांची धावपळ, होल्याचं घरटं, वाऱ्याचा ओला वास, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "आभाळ आधी माझ्या छातीत भरतंय, मग घाटावर," असं त्या म्हणत.

कापलेली तंबाखू काही दिवस रानात वाळत पडते. तेवढ्यात पाऊस आला तर वर्षाची मेहनत मातीत. एका वर्षी लख्ख उन्हात आक्कांना दम लागला. बोलवेना, तेव्हा पाटीवर 'पाऊस' लिहून त्यांनी ती उचलून धरली. मी वाचून दाखवलं. गाव हसलं, आम्ही मात्र आमची तंबाखू गोळा केली. संध्याकाळी गारा पडल्या. तेव्हापासून पाटी वर झाली की अख्खी आळी रानाकडे पळे. वाचायची गरजच उरली नाही.

"माझी छाती इचारतासा का तमाकूची?" त्या हसून म्हणत. पण मनातून त्या सुखावल्या होत्या, हे मला ठाऊक आहे. एकदा मला म्हणाल्या, "आजाराला बी काम लागलं बघ."

पुढे एका माघात तंबाखू नुकतीच कापून पडली होती. सकाळीच आक्कांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. उशीवर वाकून त्यांनी काहीतरी खरडलं आणि पाटी वर केली. मी परड्याच्या दारातच होते. हात तेवढा बघितला आणि ओरडले, "अवो, चला, पाऊस येनार!" आळीत कुणी मागं राहिलं नाही. मीही नाही.

दुपार झाली तरी आभाळ कोरडं ठाक. "आज आक्काचं चुकलं," हे वैतागून म्हणाले. पाटी तर मी वाचलीच नव्हती. तंबाखू तिथेच टाकून मी घराकडे पळत सुटले.

आक्का करंजाला टेकून बसल्या होत्या. अंग थंड पडलं होतं. पाटी मांडीवर होती. वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाऊस नाही. तू थांब.'

मागोमाग हे आले. बहिणीच्या पायाशी मटकन बसले. पाटीकडे बोट करून विचारलं, "काय लिवलंय?"

घरात वाचता येणारी आता मी एकटीच होते.

"पाऊस," मी म्हणाले.

ते उठून अंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत आभाळाकडे बघत उभे राहिले.