आण हात इकडे

माझ्या हाताखालून राज्य पातळीवरची पोरं गेली. भिंतीवर फोटोंना जागा उरली नाही, माणिकपूरचे रिक्षावालेसुद्धा मला ‘सर’ म्हणतात. तरी बॉक्सिंग शिकवताना मी एक चूक केली, आणि ती जाणूनबुजून केली.

ग्लोव्ह्ज घालायच्या आधी हाताला लांब कापडी पट्टी बांधतात. मनगटाभोवती, बोटांमधून, अंगठ्यावरून. ज्याची त्याला बांधता आलीच पाहिजे. पहिल्याच आठवड्यात मी ते शिकवायचो. वाकडीतिकडी बांधली की ओरडायचो, “अरे, वडापावचं पार्सल आहे का ते?”

नालासोपाऱ्याच्या एका पोरीला मात्र नाही शिकवलं. “आण हात इकडे,” म्हणायचो. सात वर्षं. बांधायला दहा मिनिटं लागायची, तेवढ्यात तिची टकळी सुरू. आईचं शिलाई मशीन, शाळेतलं भांडण, शेजारणीची मांजर. बायको गेल्यापासून माझ्याशी असं कोणी बोलत नव्हतं. “हात वर, पाय हलव” सोडलं तर दिवसभरात माझं बोलणं तेवढंच. ते मला सोडवेना.

मग देशाच्या संघाच्या निवड शिबिरात तिचं नाव आलं. तिथे बाहेरच्या कोचला प्रवेश नव्हता. तिने मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच पट्टी बांधली, ती सैल बसली. दुसऱ्या फेरीत अंगठा मोडला. संघ हुकला तो कायमचाच. प्लास्टरमधला हात घेऊन आली आणि म्हणाली, “सर, माझंच चुकलं.”

डोंबल तिचं चुकलं! पण मी गप्प बसलो. त्याची अजून लाज वाटते.

आता एव्हरशाईन सिटीत तिचा स्वतःचा क्लास आहे. परवा तिने बघायला बोलावलं. आज खरं काय ते सांगून माफी मागायची, असं ठरवूनच गेलो. तिने खुर्ची दिली, चहा दिला. समोर पोरं ओळीने बसून आपापल्या पट्ट्या बांधत होती. माझ्याजवळच्या चिमुरडीचा एक हात झाला होता, दुसरा काही जमत नव्हता. सवयीने माझा हात पुढे गेला. “आण इकडे.”

“सर, नको!” ती पलीकडून ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तिचं तिला जमू दे.”

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मी हात मागे घेतला. चिमुरडी पट्टीचं टोक दातात धरून, एक शब्द न बोलता बांधत राहिली.