आतली कडी

माझा भाऊ ढुंढिराज आयुष्यभर सरकारी खात्यांना शहाणपण सांगत आला आणि एकाही खात्याने ते ऐकलं नाही. तो ऑडिटात होता. खातं ठेकेदाराला काम देतं, ठेकेदार ते करतो किंवा करत नाही, मग दादा जाऊन बघतो आणि पुढच्या वेळी काय करावं याच्या शिफारशी लिहितो. खात्याचं उत्तर येतं, "शिफारस मान्य. भविष्यात दक्षता घेतली जाईल." दादाच्या कपाटात असलं भविष्य गठ्ठ्यागठ्ठ्यांनी साठलं होतं.

आम्ही काशीतले मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडणात जी आधी तोंडात येईल ती. आमचे वडील यज्ञेश्वरशास्त्री, म्हणजे अप्पा, शिंदे घाटावर छत्रीखाली लाकडी चौकीवर बसून नागपूर-वर्ध्याकडच्या यात्रेकरूंचे विधी करतात. ऐंशी ओलांडली तरी चौकी सोडत नाहीत. विधी संपला की यात्रेकरू वाकतो, अप्पा त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, "सुफल." ते ऐकल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं कुणी धरत नाही. आणि दक्षिणा हातात पडल्याशिवाय अप्पांनी हा शब्द उभ्या जन्मात उच्चारलेला नाही.

दादाला हे तरुणपणापासून खटकायचं. "अप्पा, ज्याला पैसे मिळणार तोच काम झाल्याचा दाखला देणार, हे चूक आहे."

"म्हणून तर साक्षीविनायक बसवलाय," अप्पा म्हणायचे. हा आमच्या गल्लीबोळातला गणपती. पंचक्रोशीची प्रदक्षिणा झाली की लोक त्याच्यासमोर हजेरी लावून येतात. तो यात्रेकरूचाही नाही आणि पुरोहिताचाही नाही, फक्त साक्षीदार. दादाला ही व्यवस्था पसंत पडली, तेव्हापासून अप्पा त्यालाच साक्षीविनायक म्हणू लागले. "फरक एवढाच, त्याला निदान मोदक मिळतात."

तर गोष्ट घाटावरच्या खोल्यांची. एका खात्याने बायकांना आंघोळीनंतर कपडे बदलायला घाटाघाटांवर पत्र्याच्या खोल्या बसवल्या. खात्याचं नाव मी सांगणार नाही, सांगितलं तर दादा माझ्याशी बोलायचा बंद होईल. खोल्या दिसायला छान, गुलाबी रंगाच्या, वर कमळ काढलेलं. ठेकेदाराने काम पूर्ण झाल्याचं लिहून दिलं, इंजिनियरने तपासलं, मग एका त्रयस्थ संस्थेनेही तपासलं. सगळ्यांनी खोल्यांचे फोटो काढले. खोलीत जाऊन दार मात्र कुणीच लावून बघितलं नाही. कडी बाहेरून होती.

ही गोष्ट अप्पांमुळे कळली. यवतमाळकडची एक विधवा बाई एकटीच आली होती, नवऱ्याच्या अस्थी घेऊन. पौषातली थंडी. डुबकी मारून ती खोलीकडे गेली, दार लोटलं, ते आपोआप उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. बाकीच्या बायका जोडीने येतात, एक कपडे बदलते, दुसरी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहते. हिच्यापाशी पाठ लावायला कुणी नव्हतं. ती ओल्या साडीतच धर्मशाळेपर्यंत चालत गेली. अप्पांनी हे घरी जेवताना सांगितलं आणि वर म्हणाले, "मी तिला सुफल म्हटलं रे, पण मला लाज वाटली."

दुसऱ्या दिवशी दादा तपासणीला गेला. खोलीत शिरला आणि दार ओढून घेतलं. बाहेर बायकांनी जो गलका केला, त्यात त्याच्या सात पिढ्या काशीतून उठवल्या. तरी तो आतून दार बंद करून बघत होता. ते होईना, तेव्हा तो बाहेर आला, बायकांना नमस्कार केला आणि टिपण काढलं.

शिफारशी दोनच लिहिल्या. त्रयस्थ तपासणीची संस्था खात्याने नेमावी, कारण आत्ता ती ठेकेदारच नेमत होता आणि तिचे पैसेही तोच देत होता. आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी, ज्यांच्यासाठी ते केलं त्यांच्यापैकी एकीने ते वापरून बघावं आणि सही करावी. उत्तर आलं, "शिफारस मान्य. भविष्यात दक्षता घेतली जाईल." पुढल्या वर्षी तेच. त्याच्या पुढल्या वर्षी तेच, फक्त टाइप करणारा बदलला होता.

दादाची निवृत्ती जवळ आली. "मी गेलो की हा पॅरा गेला," तो म्हणायला लागला. पॅरा म्हणजे ऑडिटातला आक्षेप. नवीन अधिकारी येतो, जुने आक्षेप बघून कंटाळतो आणि निकाली काढून टाकतो, ही रीतच आहे. बत्तीस वर्षांतली एक तरी शिफारस कुणी अमलात आणावी, एवढीच त्याची इच्छा उरली होती, आणि ती हीच असावी असा हट्ट होता. जेवतानाही तो त्याच पॅराचा कागद ताटाशेजारी घेऊन बसायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्यासाठी वाईटही वाटायचं, दोन्ही एकदम.

तेवढ्यात वरून कुणीतरी साहेबांनी बैठक घेतली आणि विचारलं की इतके आक्षेप प्रलंबित का. निदान एक तरी मिटवा म्हणाले. खात्याने सगळ्यांत स्वस्त शिफारस शोधली, ती ही निघाली. एक बाई आणायची, खोलीत घालायची, सही घ्यायची. दुसऱ्या टप्प्याच्या खोल्या तयारच होत्या, त्याच ठेकेदाराच्या, त्याच नकाशाच्या, कडी अर्थातच बाहेरून. दाखल्यासाठी त्याचं बिल अडलं होतं. वापरणारी बाई आणायची जबाबदारी खात्याने ठेकेदारावरच टाकली.

तपासणीला दादाला बोलावलं होतं. मीही गेले, कारण मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती आणि दादाने येऊ नकोस म्हटलं होतं. इंजिनियर, खात्याची दोन माणसं, ठेकेदार, आणि त्याच्याबरोबर एक ठसठशीत म्हातारी, हातभर बांगड्या, खांद्यावर गमछा. ठेकेदार तिचा हात धरून पायऱ्या उतरवत होता.

"आराम से, अम्मा," तो म्हणाला.

दादाचा चेहरा पडला. "ये आपकी माताजी हैं?"

"हाँ साहब. रोज़ नहाती हैं यहाँ. आपने ही लिखा है न, इस्तेमाल करने वाली महिला हो."

नातेवाईक नसावी, असं दादाने लिहिलं नव्हतं. बत्तीस वर्षं ठेकेदारांच्या पळवाटा बुजवणाऱ्या माणसाने ही एक उघडी ठेवली होती. तो खाली बघायला लागला. इंजिनियरने फॉर्म आणि शाईचा डबा तयार ठेवला.

म्हातारी आत गेली. दार लोटलं, ते उघडलं. पुन्हा लोटलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा तिने लोटलं नाही, बाहेर आली ती थेट मुलापाशी.

"ई तू बनवले हउव?"

"अम्मा, वो…"

"हम सोचत रहलीं, कउन नासपीटा बनवले हौ! बहू रोज दुआरी धइके खड़ी रहेले, ठंडी में काँपेले, आ ऊ नासपीटा हमरे घरे में भात खात हौ!" सून रोज थंडीत कुडकुडत तिच्यासाठी दार धरून उभी राहायची, आणि हे करणारा मेला तिच्याच घरात भात खात होता. तिने गमछा काढला आणि चारचौघांत त्याच्या पाठीत दोन हाणले. मग इंजिनियरकडे वळली आणि दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या जागी, बोट दाखवलं. "पहिले भित्तर सिटकिनी लगी, तब अँगूठा लगी."

अंगठा लागला नाही. त्याच आठवड्यात सगळ्या घाटांवर आतून कड्या लागल्या, जुन्या खोल्यांनाही, कारण म्हातारी जुनीच वापरायची. मगच तिने अंगठा दिला. खात्याने आनंदाने लिहिलं, "शिफारशीची पूर्ण अंमलबजावणी झाली."

मी पेढे आणले. दादाने पेढ्याला हात लावला नाही. तो अहवाल लिहीत बसला होता.

"काय लिहितोयस?"

"अनुपालन सदोष. पॅरा प्रलंबित ठेवावा."

"डोकं फिरलंय का तुझं? कड्या लागल्या ना?"

"लागल्या."

"मग?"

"तपासणारी ठेकेदाराची आई आहे, नीरजा."

"अरे, पण तिनेच झोडपलं ना त्याला!"

"ही आई चांगली निघाली," दादा म्हणाला. "पुढच्याची निघेलच असं नाही."

मी पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढून उचलला. त्याने खरंच तसंच लिहिलं. जन्मात एक शिफारस फळली, तीही आपल्या हाताने अपूर्ण ठरवून तो निवृत्त झाला. ऑफिसने शाल दिली, नारळ दिला आणि त्याची भाषणं ऐकायला मिळणार नाहीत याबद्दल दुःख व्यक्त केलं.

त्या संध्याकाळी तो शाल घेऊनच घाटावर आला. अप्पा चौकी आवरत होते. मी त्यांची पोथी बांधत होते. दादा पायरीवर बसला.

अप्पा म्हणाले, "इकडे ये. वाक जरा."

"कशाला?"

"सुफल म्हणतो."

दादाने मान हलवली. "तुम्ही माझे वडील आहात, अप्पा. तुमचा दाखला चालणार नाही."

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "साक्षीविनायका, तुझ्यापुढे देव हरले."

तेवढ्यात खालून एक बाई ओलेत्याने पायऱ्या चढून आली. आमच्यातल्या कुणाच्याही ओळखीची नव्हती. एकटीच होती, काखेत कोरड्या साडीची पिशवी. आमच्यासमोरून ती गुलाबी खोलीत गेली आणि दार लोटलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. तिने दार एकदा ओढून पाहिलं. ते घट्ट राहिलं.

दादा त्या दाराकडे बघत राहिला. मला रडू आलं, आणि स्वतःला रडू आलेलं मला मुळीच आवडत नाही.

"हिचं आपल्याशी काही नातं नाही," अप्पा म्हणाले.

"नाही," दादा म्हणाला. मग शाल बाजूला ठेवली, अप्पांच्या चौकीपुढे आला आणि वाकला. अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारून तो शब्द उच्चारला, आणि दक्षिणा मागितली नाही.